दोन रेघांचे अकरा

[घड्याळाच्या तबकडीवर, पुस्तकातील प्रकरणांच्या मथळ्यांत आणि शाळेच्या वर्गांच्या पाट्यांवर आपण रोमन अंक पाहतो. हे अंक दवाखान्यातही भेटतात आणि तेथे ते चुकीचे वाचले, तर रोग्याचे नुकसान होऊ शकते. प्रस्तुत पाठात लेखकाने लहानपणीचा एक प्रसंग सांगून आरोग्यसेवेतील रोमन अंकांची ओळख करून दिली आहे. पाठात रोमन चिन्हांची नावे मराठीत लिहिली आहेत. वाचता वाचता ती चिन्हे तुम्ही स्वतः वहीत काढा.]

उधवा हे तलासरी तालुक्यातील गाव. गुजरात आणि दादरा-नगर हवेली यांच्या सीमा येथून जवळच आहेत. त्यामुळे बाजारात वारली, मराठी, गुजराती, हिंदी अशा अनेक बोली कानांवर पडतात. आज हे गाव पालघर जिल्ह्यात आहे. १ ऑगस्ट २०१४ पूर्वी ते ठाणे जिल्ह्यात होते.

मी तिसरीत होतो, तेव्हा आमचे घर उधव्यात होते. वडिलांचे बाजारात छोटेसे दुकान होते. माझा धाकटा भाऊ जेमतेम दोन वर्षांचा होता. अम्मी दर महिन्याला त्याला कडेवर घेऊन अंगणवाडीत जाई. अंगणवाडीची ताई छताला टांगलेल्या काट्याला त्याला झोळीत बसवी, काटा वाचे आणि कार्डावरील तक्त्यात एक ठिपका देई. मग शेजारच्या रकान्यात पेनाने एक खूण करी. ते कार्ड अम्मी जपून पेटीत ठेवी.

अम्मी उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली होती. मराठी ती चांगले बोले, पण तिला ते वाचता येत नसे. एके दिवशी अंगणवाडीतून आल्यावर तिने आनंदाने कार्ड वडिलांपुढे धरले.

"पाहिलंत? अकरा किलो झाला!"

रकान्यात दोन उभ्या रेघा होत्या. उर्दूत एक हा अंक म्हणजे एक उभी रेघ. दोन रेघा शेजारी आल्या की झाले अकरा! वडिलांनीही तसेच वाचले. त्या दिवशी घरात शीरखुर्मा झाला. मला दुसरी वाटी मिळाली, म्हणून तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे.

पुढे पावसाळा लागला. भावाला हगवण लागली, दोन दिवस तापही आला. तो बरा झाला, पण हडकला. पुढच्या महिन्यात ताईने वजन केले, ठिपका दिला आणि रकान्यात तीन उभ्या रेघा काढल्या. अम्मीने कार्ड पाहिले आणि ती गोंधळली. तिने ते सरळ धरून पाहिले, उलटे धरून पाहिले.

"ताई, हे एकशे अकरा कसे?" ती म्हणाली. "एकशे अकरा किलोचा मुलगा माझ्या कडेवर बसेल का?"

ताई आधी हसली. मग तिचा चेहरा गंभीर झाला. तिने अम्मीला जवळ बसवले.

"बाई, हे वजन नाही. ही श्रेणी आहे. मागच्या महिन्यात बाळ दुसऱ्या श्रेणीत होते, आता तिसऱ्या श्रेणीत गेले आहे. वजन आहे सात किलो शंभर ग्रॅम. या वयाला साधारण बारा किलो हवे."

अम्मीचे डोळे भरून आले. जिला ती वाढ समजत होती, ती घट होती. ज्या दिवशी घरात गोड झाले, त्या दिवशीही मूल कुपोषितच होते.

तो रोमन तीन होता. त्या काळी अंगणवाडीत कुपोषणाच्या चार श्रेणी मानत आणि त्या रोमन अंकांत लिहीत. ही पद्धत भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७२ साली सुचवली होती. वयाच्या मानाने जेवढे वजन हवे, त्याच्या ८० टक्क्यांहून अधिक वजन असेल, तर मूल सर्वसाधारण. ७१ ते ८० टक्के असेल, तर पहिली श्रेणी. ६१ ते ७० टक्के ही दुसरी, ५१ ते ६० टक्के ही तिसरी आणि ५० टक्के किंवा त्याहून कमी ही चौथी. माझ्या भावाचे वजन १२ किलोऐवजी ७ किलो १०० ग्रॅम होते. म्हणजे सुमारे ५९ टक्के. म्हणून तिसरी श्रेणी.

तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीतील मुलांना दुप्पट पूरक आहार मिळे. ताईने तो लगेच सुरू केला आणि आम्हांला डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरांनी औषध दिले. पुन्हा जुलाब झाल्यास जलसंजीवनी कशी द्यायची, तेही समजावले. घरी मऊ भात, डाळ, अंडे आणि चमचाभर तेल असा आहार सुरू झाला. काही महिन्यांनी कार्डावर पुन्हा दोन रेघा आल्या. पुढे एकच आली. रेघा कमी होत गेल्या तशी अम्मी खूश होऊ लागली. ते कार्ड वाचायला ती शिकली होती.

आता या श्रेणी वापरात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बालकांच्या वाढीची नवी प्रमाणे जाहीर केली. २००८ साली ती आपल्या अंगणवाड्यांसाठी स्वीकारण्यात आली. आता 'सर्वसाधारण', 'मध्यम कमी वजन', 'तीव्र कमी वजन' असे शब्द लिहितात. शब्द लिहिल्याने दोन रेघांचे अकरा होत नाहीत.

येथे एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. शेजारच्या डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी मोठे काम केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, असा त्यांचा विचार होता. त्यातून अंगणवाडी उभी राहिली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोचला.

अक्षरांचे अंक

रोमन अंक म्हणजे खरे तर अक्षरे आहेत. अक्षरांनी संख्या लिहिणे आपल्याला नवे नाही. उर्दूत हुरूफ-ए-अबजद आहेत. त्यांत अलिफ म्हणजे १, बे म्हणजे २, जीम म्हणजे ३, दाल म्हणजे ४, ये म्हणजे १० आणि ग़ैन म्हणजे १०००. उर्दू शायर एखाद्या ओळीतील अक्षरांची बेरीज करून घटनेचे साल काढीत. त्याला 'तारीख काढणे' म्हणतात.

रोमन पद्धतीत मात्र अक्षरे सातच आहेत :

आय = १
व्ही = ५
एक्स = १०
एल = ५०
सी = १००
डी = ५००
एम = १०००

आय म्हणजे एक उभी रेघ. व्ही म्हणजे खाली टोकाशी मिळणाऱ्या दोन तिरप्या रेघा. एक्स म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा. आरोग्यसेवेत बहुतेक वेळा या तीनच चिन्हांनी काम भागते.

अबजद आणि रोमन अंक यांत एक मोठा फरक आहे. अबजदमध्ये फक्त बेरीज असते. अक्षरे मागेपुढे झाली, तरी उत्तर तेच येते. रोमन अंकांत जागा बदलली की किंमत बदलते. त्याचे नियम असे :

१. लहान चिन्ह मोठ्याच्या उजवीकडे असेल, तर बेरीज करावी. व्ही-आय म्हणजे ५ + १ = ६.

२. लहान चिन्ह मोठ्याच्या डावीकडे असेल, तर वजाबाकी करावी. आय-व्ही म्हणजे ५ – १ = ४. आय-एक्स म्हणजे १० – १ = ९.

३. आय, एक्स, सी आणि एम ही चिन्हे लागोपाठ जास्तीत जास्त तीन वेळा येतात. व्ही, एल आणि डी एकदाच येतात.

४. आय फक्त व्ही आणि एक्स यांच्यातून वजा होते. म्हणून ४९ लिहिताना आय-एल लिहू नये. आधी ४० लिहावेत, मग ९. म्हणजे एक्स-एल-आय-एक्स.

५. रोमन अंकांत शून्य नाही.

या नियमांना एक अपवाद तुम्ही रोज पाहत असाल. भिंतीवरच्या अनेक घड्याळांत चारच्या जागी चार उभ्या रेघा असतात. घड्याळावर ते चालते, वहीत मात्र चार आय-व्ही असेच लिहावेत.

आता आपल्यासाठी विशेष सावधगिरीची गोष्ट ऐका. उर्दूतील सात हा अंक अगदी रोमन पाचासारखा दिसतो. उर्दू वाचणारा व्ही पाहून सहज 'सात' म्हणेल. आय-व्ही त्याला सतरा वाटेल आणि व्ही-आय एकाहत्तर! तो अडाणी आहे म्हणून हे होत नाही. त्याला एक लिपी चांगली येते, म्हणूनच हे होते. ज्याला तीन प्रकारचे अंक येतात, त्याने समोरचा अंक कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी ठरवले पाहिजे.

दवाखान्यातील रोमन अंक

पूर्वी डॉक्टर औषधाचे माप 'ग्रेन'मध्ये लिहीत. आपल्या हकिमांच्या नुस्ख्यांत जसे रत्ती, मासा आणि तोळा असत, तसेच हे माप. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. ग्रेनची संख्या रोमन अंकांत लिहिण्याची रीत होती. ॲस्पिरिनची ३२५ मिलिग्रॅमची गोळी मिळते. ३०० नाही, ३५० नाही, ३२५ का? कारण ते जुने पाच ग्रेन आहेत. ६५ गुणिले ५ करून पाहा. आता औषधे मेट्रिक मापांत आणि साध्या अंकांत लिहितात. तरीही रोमन अंक आरोग्यसेवेतून गेलेले नाहीत.

मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांना पारंपरिकपणे रोमन अंक दिलेले आहेत. पहिली वासाची, दुसरी दृष्टीची, सातवी चेहऱ्याच्या हालचालींची, आठवी ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची. दहावी तर मानेतून खाली हृदय आणि पोट यांच्यापर्यंत जाते.

कर्करोग किती पसरला आहे, हे सांगण्यासाठी पहिली ते चौथी अवस्था मानतात. त्याही रोमन अंकांत लिहिलेल्या आढळतात. येथेही रेघ वाढली की आजार वाढलेला असतो.

रक्त गोठवणाऱ्या घटकांना 'फॅक्टर' म्हणतात. त्यांना एक ते तेरा असे रोमन क्रमांक आहेत. त्यांत सहावा नाही. संशोधनात तो वेगळा घटक नसल्याचे आढळले, म्हणून तो क्रमांक गळला. हिमोफिलिया या आजारात जखमेतून वाहणारे रक्त लवकर थांबत नाही. त्याच्या 'ए' प्रकारात आठवा घटक कमी असतो, तर 'बी' प्रकारात नववा. आठ म्हणजे व्ही-आय-आय-आय. त्यातील एक रेघ वाचायची राहिली की होतात सात. सातव्या घटकाचेही औषध मिळते, पण ते वेगळे औषध आहे. एका रेघेने औषध बदलते, ते असे.

दिसतो अंक, पण असते अक्षर

रोमन अंक शिकल्यावर दुसरी चूक होऊ लागते. जेथे तेथे अंकच दिसू लागतात. म्हणून पुढील चार उदाहरणे लक्षात ठेवा.

सलाईनच्या बाटलीसंबंधी 'आय.व्ही.' लिहिले असेल, तर ते चार नव्हेत. त्याचा अर्थ 'शिरेतून द्यावे' असा आहे.

हृदयाचा आलेख काढतात, त्या कागदावर हातापायांच्या तीन नोंदींना रोमन एक, दोन, तीन अशी नावे असतात. त्याच कागदावर छातीवरील नोंदींना व्ही-१ ते व्ही-६ म्हणतात. तेथील व्ही म्हणजे पाच नव्हे, ते अक्षर आहे.

औषधाच्या खोक्यावर 'शेड्यूल एक्स' असे लिहिलेले असते. तेही दहा नव्हेत. आपल्या देशातील औषधविषयक नियमांत काही याद्यांना इंग्रजी अक्षरांची नावे आहेत. 'शेड्यूल एच' ही दुसरी एक यादी. एच हे रोमन अंकांत नाहीच, यावरून ही अक्षरेच आहेत, हे सहज ओळखता येते. 'एक्स' यादीतील औषधे फार जपून द्यावी लागतात. त्यांच्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते. एक प्रत दुकानदार दोन वर्षे जपून ठेवतो.

चौथे उदाहरण 'आय.यू.'चे. इन्सुलिनसारखी औषधे 'आंतरराष्ट्रीय एकक' या मापाने मोजतात. त्याचा हा इंग्रजी संक्षेप आहे. हाताने घाईत लिहिलेला हा संक्षेप कोणाला आय.व्ही. वाटतो, तर कोणाला दहा वाटतात. म्हणून अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ साली जी 'हे लिहू नका' अशी यादी लागू केली, तिच्यात हा संक्षेप आहे. तेथे आता पूर्ण शब्द लिहायला सांगतात.

अम्मी एकटी नव्हती

आपण मधुमेहाचे दोन मुख्य प्रकार ऐकतो. पूर्वी ते रोमन एक आणि रोमन दोन असे लिहीत. १९९७ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या एका समितीने सुचवले, की यापुढे साधे १ आणि २ लिहावेत. कारण काय दिले? रोमन दोन पाहून सामान्य माणूस अकरा वाचू शकतो.

कित्येक वर्षांनी, शिक्षक झाल्यावर मी हे वाचले आणि मला आमच्या पेटीतले कार्ड आठवले. उधव्याच्या एका घरात जी चूक झाली, तीच चूक जगात कोठेही होऊ शकते, हे मोठ्या तज्ज्ञांनी ओळखले होते. चूक वाचणाऱ्याचीच असते असे नाही. लिहिणाऱ्यानेही वाचणारा कोण आहे, हे पाहायला हवे. आपल्या देशातही २०१६ साली भारतीय वैद्यक परिषदेने नियमांत दुरुस्ती केली. डॉक्टरांनी औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे त्यात सांगितले.

मुलांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या परिचारिका होतील, काही औषधाच्या दुकानात काम करतील, कोणी अंगणवाडीत किंवा प्रयोगशाळेत जाईल. तेव्हा तीन गोष्टी करा. रोमन अंक नीट वाचायला शिका, कारण जुन्या आणि नव्या कागदांत ते भेटणारच. स्वतः लिहिताना मात्र साधे अंक आणि पूर्ण शब्द लिहा. आणि शंका आली, तर अंदाज करू नका. ज्याने लिहिले, त्याला विचारा.

अम्मीने 'एकशे अकरा कसे?' असे विचारले, म्हणून माझ्या भावाला वेळेवर उपचार मिळाले. आज तो धडधाकट आहे. त्याचे जुने कार्ड अजून अम्मीच्या पेटीत आहे. शेवटच्या रकान्यात एकच रेघ आहे.

शब्दार्थ

श्रेणी – दर्जा, पायरी
कुपोषण – शरीराला योग्य व पुरेसे अन्न न मिळणे
पूरक आहार – नेहमीच्या जेवणाशिवाय दिले जाणारे जादा अन्न
जलसंजीवनी – जुलाब झाल्यावर द्यावयाचे मीठ-साखरेचे पाणी
हडकणे – खूप बारीक होणे
मज्जातंतू – मेंदूकडे व मेंदूकडून संदेश नेणारे तंतू
संक्षेप – शब्दाचे छोटे रूप
सुवाच्य – सहज वाचता येईल असे
शीर – रक्त वाहून नेणारी नळी

स्वाध्याय

प्रश्न १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अम्मीने दोन रेघा कोणत्या अंकाच्या समजल्या?
(आ) रोमन पद्धतीत किती अक्षरे आहेत?
(इ) उर्दूतील कोणता अंक रोमन पाचासारखा दिसतो?
(ई) रक्त गोठवणाऱ्या घटकांत कोणता क्रमांक नाही?

प्रश्न २. कोण कोणास म्हणाले?
(अ) "पाहिलंत? अकरा किलो झाला!"
(आ) "बाई, हे वजन नाही. ही श्रेणी आहे."

प्रश्न ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अबजद आणि रोमन अंक यांत कोणता फरक आहे?
(आ) 'शेड्यूल एक्स' यातील एक्स म्हणजे दहा नव्हेत, हे कशावरून ओळखाल?
(इ) मधुमेहाचे प्रकार साध्या अंकांत लिहावेत, असे का सुचवले गेले?

प्रश्न ४. रोमन अंकांत लिहा : ४, ९, १३, १४, ३९, ४९.

प्रश्न ५. गणित करा. एका बालकाचे वजन १० किलो असायला हवे. ते ७ किलो ५०० ग्रॅम आहे. जुन्या पद्धतीप्रमाणे ते कोणत्या श्रेणीत येईल?

प्रश्न ६. वचन बदला : रेघ, चिठ्ठी, गोळी, ठिपका, अंगणवाडी.

उपक्रम : घरातील औषधांची रिकामी खोकी गोळा करा. त्यांवरील अक्षरे आणि अंक वहीत उतरवून घ्या. कोणते अक्षर आहे आणि कोणता अंक, हे शिक्षकांच्या मदतीने ठरवा. भरलेल्या औषधांना हात लावू नका.